घाटासाठी टायर

१८ नोव्हेंबर

महेबूबभाईंच्या दुकानातून यांनी आज तीन टायर घरी आणले, नुसते बघायला. लग्नाच्या बस्त्यात शालू पसरतात तसे सतरंजीवर मांडले आणि दुपारभर एकेक उचलून बघत बसले.

सायकलच्या टायरमध्ये निवडण्यासारखं काय असतं ते मला आज कळलं. साध्या सायकलला टायर वेगळा, ट्यूब वेगळी. यांच्या शर्यतीच्या चाकांना तसला टायर बसतच नाही, कारण रिमला तो धरून ठेवणारी कडाच नाही. त्यांना ट्युब्युलर लागतो. ट्यूब टायरच्या पोटात घालून खालून शिवून टाकलेली असते आणि अख्खा टायर सोल्यूशन लावून रिमवर चिकटवायचा. मी खालची पट्टी जराशी उचलून शिवण बघितली. माझ्या शिवणक्लासच्या मुलींना दाखवावी अशी, एका टाक्यासारखा दुसरा.

हे मे महिन्यात ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले. तेव्हापासून घरात नुसते असतात. आता जानेवारीत नांदुरीपासून सप्तशृंगी गडापर्यंत सायकलची चढाई आहे आणि यंदा त्यात साठीच्या पुढच्यांचा गट ठेवलाय. "शेखर देवरे, गट साठच्या पुढे," असं स्वतःच म्हणाले आणि हसले. किती दिवसांनी हसताना बघितलं! म्हणून टायर घ्या म्हटलं, हवे ते घ्या.

२१ नोव्हेंबर

अजून ठरत नाही. एक टायर बारीक आणि हलका, हातात घेतला तर रेशमासारखा. एक मधला. एक जाड, वजनदार, "बैलगाडीचा," असं हेच म्हणतात. सकाळी बारीक, दुपारी मधला, संध्याकाळी परत बारीक. कारखान्यात विमानाच्या भागांवर पास-नापासचा शिक्का मारणारा हा माणूस. अशी चालढकल यांच्या स्वभावात नव्हती. रिकामपण वाईट, दुसरं काय.

त्यात आज बँकेने चेक परत पाठवला, सही जुळत नाही म्हणून. सही बघितली तर मुंगीएवढी. म्हटलं, "एवढी कंजुषी कशाला? शाई का विकत घ्यायचीय?" 

२५ नोव्हेंबर

आज चाकं घेऊन यांच्यासोबत मीही भद्रकालीत, महेबूबभाईंच्या दुकानात गेले. महेबूबभाई यांना वीस-पंचवीस वर्षं ओळखतात. ते स्वच्छ म्हणाले, "साहेब, जमाना बदल गया. आता सगळे ट्यूबलेसवर गेलेत. ही चाकं ठेवा आठवण म्हणून. चिकटवायची झंझट, सुकवायची झंझट, कोण करतंय आता?"

हे ऐकून घेत होते. मग विचारलं, "महेबूबभाई, ट्युब्युलर पंक्चर झाला तर कुठे हात न लावता घरापर्यंत येता येतं ना?"

"येतं की. हवा गेली तरी रिमला धरून राहतो. हळूहळू चालवत या. पण साहेब, तुम्हाला पंक्चर काढायला कधीपासून भीती वाटायला लागली?"

"भीती नाही. विचारलं."

आणि मधला टायर घेतला. दोन. घरी येताना गाडी मला चालवायला दिली. यांना सगळा वेळ चाकं मांडीवर धरून बसायचं होतं, लहान मूल धरावं तशी. उतरल्यावर जिन्यात डाव्या चपलेचा फरफर आवाज येत होता. नवी घ्या म्हटलं तर म्हणे ठीक आहे.

३ डिसेंबर

आज भांडण झालं. लिहू नये, पण ही वही माझी आहे.

मागच्या खोलीत दार-खिडक्या लावून टायर चिकटवत बसले होते. मी क्लास संपवून आले तर जिन्यातच सोल्यूशनचा वास. खोलीचं दार उघडलं तर डोळ्यांतून पाणीच आलं. डबा उघडा, हे शांतपणे ब्रश फिरवताहेत.

"अहो, जीव जाईल! एवढा वास येतोय, खिडकी तरी उघडा!"

"कसला वास?"

मला असा राग आला. मुद्दाम चिडवतात असं वाटलं. खिडकी उघडली आणि म्हटलं, द्या इकडे, दोन हातांनी भराभर होईल. तर चाक मागे ओढलं. "माझं काम आहे हे. तू ब्लाउज शिव." सदतीस वर्षांत असं बोलले नव्हते.

मी आत निघून गेले. तरी आतून दिसत होतं. उजव्या हाताने ब्रश, डाव्याने चाक फिरवायचं. पण डावा हात मध्येच थांबायचा, मग उजव्यानेच चाक पुढे ढकलायचे. टायर बसवायलाही फार वेळ लागला. ओठ घट्ट मिटून, घामाघूम.

रात्री जेवताना आमटी खाली लागलेली होती, मलाच खाववेना. यांनी दोनदा घेतली. माफी मागायची ही यांची पद्धत असावी.

४ डिसेंबर

टायर बसले. हवा भरून चाक फिरवून दाखवलं. सुरेख फिरतंय. बोलणं पूर्ववत.

१५ डिसेंबर

सायलीचा पुण्याहून फोन. जानेवारीत स्पर्धेला येते म्हणाली. बाबांसाठी शर्ट पाठवू का विचारत होती. म्हटलं, नको, हल्ली ते टी-शर्टच घालतात. निवृत्त माणसाला बटणांचा काच नको वाटत असेल.

सराव जोरात चाललाय. गंगापूर धरणापर्यंत जाऊन येतात. सायकलवर बसले की हा माणूस बदलतो. पाठ सरळ, पाय एका लयीत. खाली उतरले की पुन्हा म्हातारे.

२२ डिसेंबर

दवाखान्यात बसून लिहिते आहे. हे झोपलेत.

सकाळी गाडीच्या मागे सायकल बांधून नांदुरीला गेलो. यांना एकदा पूर्ण घाट चढून बघायचा होता. मी गाडी घेऊन मागे. थंडी होती, रस्ता मोकळा. चढ असा चढले की मला गाडीत बसून अभिमान वाटला. वर चहा घेतला. म्हटलं, उतरताना सायकल गाडीत टाका. नाही म्हणाले. "चढायचं तर उतरायलाही यायला पाहिजे."

उतारावर सारखा ब्रेक दाबत होते. मला बरं वाटलं, सांभाळून चाललेत. एका डावीकडच्या वळणावर पुढच्या चाकाखालून काहीतरी काळं बाहेर आलं, सापासारखं. तो टायर होता. पुढचं काही नीट आठवत नाही. सायकल आडवी आणि हे कठड्याच्या दगडांपाशी.

तिथे एक बाई करवंदाचं लोणचं आणि पेढे विकायला बसते, लंकाबाई नाव सांगितलं. ती माझ्या आधी पोचली होती. यांचं डोकं तिने मांडीवर घेतलं होतं. मी बाटली पुढे केली तर म्हणाली, "बाई, पानी नका पाजू लगेच. दवाखान्यात न्या. सुद्धीवर हायेत, घाबरू नका." तिनेच दोन माणसं बोलावून यांना गाडीत बसवलं. सायकलही तिनेच मागे टाकायला लावली. मी तर ती तिथेच सोडणार होते.

उजव्या बाजूचं गळ्याचं हाड मोडलंय. डोक्याला काही नाही. हेल्मेटला तडा गेलाय.

वाटेत एकदाच बोलले. "टायर कसा निघाला?"

२४ डिसेंबर

घरी आणलं. मी चाक आणि टायर घेऊन महेबूबभाईंकडे गेले, भांडायलाच. असला कसला टायर विकला म्हणून. त्यांनी चाक उजेडात धरलं, रिमवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग स्टूल पुढे ओढून मला बसायला सांगितलं.

"भाभी, टायरची चूक नाही. हे बघा. इथपर्यंत सोल्यूशन आहे. इथून इथपर्यंत नाहीच. रिम कोरडी. आणि जिथे आहे तिथे ओलं असतानाच टायर बसवलाय. उतारावर ब्रेकने रिम तापली, ते सुटलं." मग हळू आवाजात म्हणाले, "पण साहेबांचं काम असं नसतं. कोणी दुसऱ्याने केलं का?"

मी हो म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. मी केलं म्हणून सांगितलं.

घरी येऊन शिवणाच्या कात्रीने तो टायर उसवला. सगळे टाके. आत कागदासारखी पातळ ट्यूब होती, शाबूत. तिला काही झालं नव्हतं.

२ जानेवारी

हाडाच्या डॉक्टरांकडे गेलो. उजवा हात गळ्यात बांधलेला, म्हणून यांना डाव्या हाताने पाण्याचा पेला उचलायला सांगितला. उचलला. पण पेला ओठांपर्यंत यायला फार वेळ लागला. डॉक्टर हाताकडे बघत राहिले. "हे कधीपासून?" हे म्हणाले, "पडल्यापासून." डॉक्टर म्हणाले, "पडला उजव्या बाजूला ना तुम्ही?"

मेंदूच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी दिली.

९ जानेवारी

पार्किन्सन्स.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. बोटं एकमेकांवर आपटायला सांगितलं. व्हरांड्यात चालायला लावलं, डावा हात हलतच नव्हता, अंगाला चिकटवल्यासारखा. उजवा बांधलेला म्हणून आजपर्यंत मला तो वेगळा दिसला नव्हता, असं आत्ता स्वतःला समजावते आहे. पण त्याआधी तरी कुठे दिसला? मग त्यांनी विचारलं, "वास येतो का व्यवस्थित? मसाले, अत्तर, रॉकेल?"

हे म्हणाले, "नाही. वर्षभर तरी नाही."

 कसला वास, असं विचारलं होतं यांनी मला. आणि मी चिडले होते.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "सायलीला सांगायचं नाही. देवळ्याच्या भावालाही नाही. कोणालाच नाही. हाड मोडलंय एवढंच."

२६ जानेवारी

स्पर्धा झाली म्हणे. सायली आली होती, बाबांचं हाड बघून गेली. तिने सामान आवरताना गोळ्यांचं पाकीट पाहिलं असावं. मला काही विचारलं नाही. जाताना मात्र मला फार वेळ धरून उभी राहिली. पोरगी हळवी आहे.

११ फेब्रुवारी

गोळ्यांनी थोडा फरक आहे. गळ्याचं हाड जुळलं. डॉक्टरीणबाईंना मीच विचारलं, सायकल आता बंदच ना? त्या म्हणाल्या, उलट चालवू द्या, या आजारात चालता न येणारी माणसंही कधीकधी सायकल छान चालवतात. फक्त उतार नाही, गर्दी नाही आणि एकटं नाही.

घरी येऊन यांना आनंद होईल असं वाटलं होतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

१९ फेब्रुवारी

महेबूबभाई घरी आले. हे फिरायला गेले होते. "भाभी, साहेबांनी चाकं विकून टाकायला सांगितलीत. गिऱ्हाईक आहे. पण म्हटलं आधी तुम्हाला विचारावं."

मला काय वाटलं ते सांगता येत नाही. ज्या चाकांनी यांना दगडांवर आपटलं ती घरातून जाताहेत, तर बरंच की. पण तोंडातून निघालं, "विकू नका. नवे टायर दाखवा."

२० फेब्रुवारी

दुकानात गेले. महेबूबभाईंनी टायर काढले, पण स्वतःच विरोधातही बोलले. "मी तुमच्या जागी असतो तर दुसरी चाकं घेतली असती. साधे टायर, चिकटवायचं कामच नाही. मनाला शांती. धंद्याचं म्हणाल तर मला दोन्ही सारखंच."

खरं तर त्यांचंच बरोबर वाटलं. गोंदाने चिकटवलेल्या टायरवर नवऱ्याचा जीव कशाला ठेवायचा? आजच्या आज दुसरी चाकं घ्यायची असं ठरवून घरी आले आणि यांना तसं सांगितलं.

हे चाकापाशी जाऊन बसले. मग म्हणाले, "साधा टायर फुटला की कधीकधी रिमवरून सुटतो. सायकल पडते. आणि तो काढून ट्यूब बदलायला अंगठ्यात ताकद लागते. माझ्या डाव्या अंगठ्यात गेल्या पावसाळ्यापासून नाही. साधी सायकल घेऊन गेलो होतो तेव्हा धरणाच्या रस्त्यावर एकदा दीड तास बसलो होतो, टायर निघेना. शेवटी एका दूधवाल्याने काढून दिला."

"मला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? अंगठा दुखतो म्हणून?"

म्हणजे नोव्हेंबरात सतरंजीवर ते टायर घेऊन बसले होते तेव्हा

(इथे फोन आला, लिहायचं राहिलं. आता पुढे लिहावंसं वाटत नाही.)

२१ फेब्रुवारी

जाड टायर घेतले. बैलगाडीचे. हे सोबत आले नाहीत, निवड मलाच करायला सांगितली. मी दुकानात बसून प्रत्येक टायरची कड आणि शिवण बोटाने चाचपली, कापड वळवून बघितलं. बारीक टायर सुंदर, पण सुंदर कापड टिकत नाही हे मला कोणी शिकवायला नको. जाड टायर रस्त्यावर जास्त टेकतो, खड्डा पोटात घेतो. वजन जास्त, असेना. आता घाई कुठे आहे?

महेबूबभाई म्हणाले, मी चिकटवून देतो. म्हटलं, नको. मग त्यांना खरं सांगून टाकलं, मागचं मी केलं नव्हतं म्हणून. ते म्हणाले, "मालूम था, भाभी." बाकी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

२७ फेब्रुवारी

आज चिकटवले. हे खुर्चीत, मी खाली चाक घेऊन. सगळ्या खिडक्या उघड्या.

आधी जुनं सोल्यूशन खरवडून काढलं. मग पातळ हात. "आरपार, काठापर्यंत. काठ सोडू नकोस. सुटतो तो काठापासून." तो सुकू दिला. मग दुसरा. टायरच्या पट्टीलाही एक. यांचा आवाज हळूहळू कारखान्यातल्यासारखा झाला, मोजका, खणखणीत.

शेवटचा हात दिल्यावर म्हणाले, "आता वास कसा येतोय सांग."

"उग्र. नाकात जाणारा."

"थांब मग."

थोड्या वेळाने परत विचारलं. म्हटलं, अजून आहे पण टोचत नाही, आता जरा गोडसर. "आता. आता बसव." मग जरा थांबून म्हणाले, "मी हे नेहमी वासावरच ओळखायचो. मागच्या वेळी अंदाजाने बसवला. वाटलं, इतकी वर्षं केलंय, हाताला माहीत असेल."

व्हॉल्व्ह आधी, मग दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंना खाली ओढत न्यायचं. शेवटची वीतभर जागा राहते तिथे टायर येतच नाही. माझे अंगठे दुखायला लागले. हे खुर्चीतून उठले, माझ्यामागे वाकले आणि उजवा हात माझ्या हातावर ठेवून रेटा दिला. टायर टप्पकन बसला. आम्ही दोघंही दमलो होतो. माझ्या साडीला, यांच्या बनियनला काळे डाग. ते जाणार नाहीत.

१ मार्च

हवा काढून टायरला दोन्ही अंगठ्यांनी बाजूला रेटून बघायचं, निघाला तर चिकटलाच नाही. मी घाबरत घाबरत रेटलं. मग जोर लावून. मग उभं राहून, सगळा भार टाकून. हलला नाही. चाकाची पूर्ण फेरी तसं केलं. हे म्हणाले, "पुरे, पास." आणि मला रडू आलं, अगदी मोठ्याने. यांनी पाठीवर हात ठेवला. तो हात डावा होता, थरथरत होता, त्यांनी तो काढला नाही.

९ मार्च

धरणाच्या रस्त्याला आज तिसऱ्यांदा. मी स्कूटीवर मागे. नजर सगळा वेळ पुढच्या टायरवर. हे म्हणाले, "तू टायरकडे बघतेस, तुझी स्कूटी खड्ड्यात जाईल."

द्राक्षांच्या बागांत काढणी चाललीय. एका ठिकाणी थांबून घड घेतला. यांना वास नाही, पण गोडी कळते म्हणाले.

२३ मार्च

आज गडावर जाऊन आलो. चैत्राची यात्रा सुरू झाली की रस्त्याला उभं राहायलाही जागा नसते, म्हणून आधीच. माझी इच्छा नव्हती. हे फक्त एवढंच म्हणाले, "चढायचंय. उतरायचं नाही." मग मी काय बोलणार?

नांदुरीतून उजाडताना निघालो. फार हळू. दोनदा थांबले, पाय टेकून, मान खाली घालून. मी गाडीतून उतरले नाही. ज्या वळणावर पडले होते तिथे लंकाबाईची जागा रिकामी होती, इतक्या लवकर ती येत नसावी. हे तिथून बघत-बघत गेले, थांबले नाहीत.

वर पोचले तेव्हा ऊन आलं होतं. नाशिकचीच काही तरुण मुलं-मुली सायकली घेऊन चहा पीत होती. त्यांनी यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. एक मुलगी, पायल नावाची, जवळ येऊन म्हणाली, "काका, भारीच! आम्ही आता उतरतोय, चला ना आमच्यासोबत. हळू जाऊ."

मी पुढे होऊन काहीतरी कारण सांगणारच होते, उशीर होतोय, पाहुणे यायचेत. तेवढ्यात हे म्हणाले,

"नाही बेटा. मला पार्किन्सन्स आहे. डाव्या हाताने ब्रेक धरवत नाही. मी गाडीतून उतरणार."

असं म्हणाले. टायरचं माप सांगावं तसं. घरात आम्ही दोघांनीही तो शब्द कधी उच्चारला नव्हता, डॉक्टरांकडे जायचं असलं तरी "तिकडे जायचंय" म्हणतो.

 पायलने चाकाकडे वाकून विचारलं, "काका, ट्युब्युलर आहेत ना हे? हल्ली कोणी वापरत नाही. कुठून बसवून घेतलेत?"

"हिने बसवलेत," हे माझ्याकडे हात करून म्हणाले.

मग ती सगळी माझ्याभोवती. सोल्यूशन कोणतं, किती हात, किती सुकवायचं. मी सांगत होते, मध्येच अडखळत होते. बघते तर हे बाजूला कठड्यापाशी गेलेले, फोन कानाला.

"सायली, मी बाबा बोलतोय. गडावर आहे. आई आहे सोबत, बरी आहे. बस जरा कुठेतरी, तुला एक सांगायचंय."

मग पलीकडून तीच बोलत असावी. यांनी नुसती मान हलवली. एकदा म्हणाले, "तुला कधीपासून माहीत आहे?"

मी मुलांना आणखी एकेक चहा सांगितला आणि त्यांची पाठ यांच्याकडे होईल असं उभं केलं.